गुरुवारचा बिनचीजचा पिझ्झा

शेजारीण झाकलेली ताटली घेऊन दारात आली, तर त्यातलं कुणाच्या पंगतीतनं उरलंय याची चौकशी तुम्ही करता का? खरं सांगा. नाही करत. "कुठून गं?" असं तोंडदेखलं विचारता, ती सांगेल ते ऐकून घेता आणि ताटली आत नेता. वुदितूनंही तेच केलं. विजेच्या कचेरीतल्या साहेबाला जिनं खुर्चीवरून उठवलं, पाण्याच्या टँकरपुढं जी आडवी बसली, ती बाई एका ताटलीला फसली.

वुदितू राहते अदिस अबाबाच्या कडेला, जेमोच्या चढावर, सरकारी लॉटरीत लागलेल्या घरात. चार मजल्यांच्या ठोकळ्यांची रांगच्या रांग आहे तिथं, त्यातल्या एका ठोकळ्यात तिसऱ्या मजल्यावर. घराचा नंबर लागेपर्यंत डोक्याचे केस पांढरे झाले. नवरा बस चालवायचा. घर लागलं आणि दुसऱ्या वर्षी तो गेला. एकुलती मुलगी लग्न होऊन अदामाला. राहिली ही एकटी, आणि हिचे दोन हात. त्या हातांनी ती इंजेरा, म्हणजे तिथली आंबवलेली, धिरड्यासारखी मोठी भाकरी, भाजते आणि हॉटेलांना पुरवते. टेफ या बारीक धान्याचं पीठ भिजवायचं, आंबवायचं, मितादवर, म्हणजे विजेच्या त्या रुंद मातीच्या तव्यावर, बाहेरून आत गोल गोल ओतायचं, टोपण घालायचं, वर भोकांचे डोळे उमटले की उचलायचं. पाव मैलावरून वास घेऊन माणसं सांगतात, आज वुदितूचा मिताद लागलाय.

पण मिताद घरात लावला की मजल्यावरचे दिवे पिवळे पडतात. म्हणून ही घरं बांधणाऱ्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. दर काही ठोकळ्यांमागं खाली एक सामायिक घर बांधलं. लोक त्याला नुसतं 'खालचं घर' म्हणतात. सिमेंटचे ओटे, त्यावर मितादांची रांग, जाड वायरी, कोपऱ्यात नळ, मधोमध मोरी. ईस्टरचा मेंढा तिथं कापायचा. लग्नाची पिंपभर तल्ला, म्हणजे घरची बिअर, तिथं घालायची. आणि कुणी मेलं की इदिरची मंडळी, जी मर्तिकासाठी आयुष्यभर वर्गणी जमवत असतात, ती बाहेर तंबू ठोकणार आणि तंबूत टेकायला येणाऱ्या शंभर माणसांचं जेवण त्या खालच्या घरात रटरटणार. वुदितूसारख्या कितीतरी बायांची चूल त्या एका घरावर. तिथला ओटा गेला, तर वुदितूनं खायचं काय?

म्हणूनच तो टेप घेऊन आलेला पोरगा दिसला तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पोरगा कसला, चांगला तिशीचा बाप्या. एर्मियास त्याचं नाव. रस्त्याच्या पलीकडं पिझ्झ्याचं दुकान चालवतो. चकचकीत बूट घालून खालच्या घरात शिरला आणि भिंती मोजायला लागला.

"काय रे, मेंढा बांधायचाय का तुझा?" वुदितूनं विचारलं.

"नाही एतीये, असंच," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला म्हणावं तसं आदरानं 'एतीये' म्हणाला, ते गोड लागलं. पण टेप काही गुंडाळेना.

"असंच म्हणजे? लोकांच्या घरात घुसून भिंती असंच मोजतात? उद्या माझी कंबर मोजशील!"

बाया खो खो हसल्या. एर्मियास कानापर्यंत लाल होऊन निघून गेला. ओट्यावर वुदितूच्या शेजारी त्सिगेरेदा उभी होती, तीही हसली. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली, हे वुदितूला नंतर आठवलं.

त्सिगेरेदाला सगळे त्सिगे म्हणतात. दुसऱ्या मजल्यावरची. वुदितूची जिवाभावाची, घर लागायच्या आधीपासूनची. विजेचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता त्या साली कचेरीवाले 'येऊ, येऊ' म्हणत राहिले आणि बायांचं पीठ आंबून आंबून नासलं, तेव्हा या दोघींनीच वसाहतीतल्या बाया काढल्या. एकेकीनं आपापला मिताद डोक्यावर घेतला आणि कचेरीच्या पायऱ्यांवर नेऊन मांडला. तिथंच फतकल घालून बसल्या. "वीज द्या नाहीतर तुमच्या वायरीला जोडून इथंच भाजतो." वुदितू बोलायची आणि त्सिगे मागून शिट्ट्या मारायची. साहेब घाबरून बाहेर आला, तेव्हा त्सिगेनं त्याला पाणी दिलं आणि वुदितूनं शिव्या. अशी जोडी. पुढं वसाहतीची समिती झाली तेव्हा वुदितू हट्टाला पेटून म्हणाली, खजिनदार त्सिगेच होणार, दुसरं नाव नको. वुदितू स्वतःही समितीत, आणि अध्यक्ष गाशे मेकुरिया; वडीलधाऱ्या बाप्याला तिथं 'गाशे' म्हणतात. लष्करातनं निवृत्त, डोक्यावर हॅट, तोंडात दात घासायची काडी, आणि बोलताना मध्येच थांबून समोरच्यानं मान डोलवायची वाट बघायची सवय. वुदितू कधी डोलवायची नाही.

बुधवारी समितीची सभा होती. दुपारी गाशेंचा फोन आला.

"वुदितू, आज सभा नको गं. गुडघे फार दुखतायत."

"तेल लावा गाशे. आणि ते पिझ्झेवाल्याचं तेवढं पुढच्या सभेत घ्या. भिंती मोजतो म्हणजे काय!"

"घेऊ, घेऊ," गाशे म्हणाले.

ही झाली बुधवारची गोष्ट. गुरुवारी संध्याकाळी वुदितू खालून वर आली, हातपाय धुतले, आणि दारात त्सिगे. हातात ताटली, वर दुसरी पालथी घातलेली.

"पिझ्झा आणलाय तुला. उरला होता."

"अगं बाई! कुठून गं?"

"आज दुपारी बहिणीच्या नातवाचा वाढदिवस झाला. पाच वर्षांचा झाला मेला. घरभर नाचत होता. म्हटलं, वुदितूच्या वाटणीचा नको का? गरम करून खा."

"बस की, कॉफी टाकते."

"नको. योनातान यायचाय घरी." योनातान तिचा मुलगा. कॉलेज करून वर्षं झाली, काम मिळत नाही, संध्याकाळी नाक्यावर उभा असतो. "मी जाते."

आणि गेली. बसली नाही. त्सिगे बसली नाही हेच मुळात वुदितूच्या डोक्यात शिरायला हवं होतं. त्सिगे म्हणजे अंत्यविधीला गेली तरी रीतीप्रमाणे कॉफीच्या तिन्ही फेऱ्या झाल्याशिवाय न उठणारी बाई. पण दिवसभर मितादापुढं उभं राहिलेल्या माणसाला भूक लागलेली असते. भुकेला एवढं सुचत नाही.

आता उरलेला पिझ्झा गरम करायचा म्हणजे काय, हे वुदितूला शिकवायला नको. ती ज्या हॉटेलांना इंजेरा देते तिथले आचारी तिला कितीदा उरलेला बांधून देतात. मुलीनं अदामाहून सांगितलं होतं, मायक्रोवेव्ह घे. वुदितू म्हणाली होती, त्यातनं काढलेला पिझ्झा म्हणजे पावसात भिजलेली चप्पल. तिची आपली रीत निराळी. कॉफीच्या बिया भाजायचा जो लोखंडी तवा, छोटा, खोलगट, वर्षानुवर्षं काळा झालेला, तो शेगडीवर ठेवायचा. तेल नाही, तूप नाही. तवा मंद तापला की तुकडे त्यावर नुसते मांडायचे. खालून बारीक तडतड ऐकू आली की कडेला पाण्याचे चार थेंब मारायचे, चुर्र होतं, लगेच टोपण. आत वाफ कोंडते, वरचं मऊ होतं, खालचं कुरकुरीत. आणि काढायचं कधी? चीजला घाम फुटला की. चीज चकाकायला लागलं, कडेनं तेलाचा थेंब सुटला, की उचल. वुदितूची हीच खूण. आणि त्या तव्यावरच्या पिझ्झ्याला कॉफीचा जो वास लागतो, तो तुम्हाला कुठल्या दुकानात मिळणार नाही.

तिनं तुकडे मांडले. टोपण घातलं. उचलून बघितलं. चीजला घाम नाही. परत घातलं. परत बघितलं. नाही. तिसऱ्यांदा टोपण काढून चष्मा लावून वाकून बघितलं, तर चीजच नव्हतं. टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, बटाट्याच्या चकत्या. उपासाचा पिझ्झा.

बुधवार-शुक्रवार दूध-तूप-अंडं-मांस तोंडाला लावायचं नाही, हा तिथला घरोघरचा नेम. वुदितूनं तो बाळंतपणातही मोडला नव्हता. म्हणून त्या दोन दिवशी पिझ्झेवालेसुद्धा बिनचीजचा पिझ्झा काढतात, नाहीतर त्यांच्या दुकानात कुत्रंही फिरकणार नाही.

आधी वुदितूला भरून आलं. बघा, त्सिगेला लक्षात होतं उद्या शुक्रवार आहे, उरला तर उद्याही खाता येईल म्हणून माझ्यासाठी बिनचीजचे तुकडे वेगळे काढले. अशी मैत्रीण कुणाला मिळते? तिनं एक तुकडा ताटलीत घेतला, वर तिखट भुरभुरलं आणि उभ्या उभ्या खाल्ला. चांगला लागला. खालून मस्त कुरकुरला. दुसरा हातात घेतला.

आणि हात थांबला.

पाच वर्षांच्या पोराचा वाढदिवस. आज. गुरुवारी. गुरुवारी उपास नसतो. आणि पाच वर्षांच्या पोराला तर कुठल्याच दिवशी नसतो. मग गुरुवारी वाढदिवसाला बिनचीजचा पिझ्झा मागवतं कोण? आणि मागवला तरी दुकानवाला देतो कुठून?

तिनं तुकड्याची कड बोटांनी दाबली. आयुष्य पिठात गेलं होतं तिचं. आज दुपारचं पीठ असं दाबलं जात नाही. ही कड कालची होती.

काल म्हणजे बुधवार.

वुदितूनं शेगडी बंद केली. खुर्चीवर बसली. खिडकीतून रस्त्यापलीकडची एर्मियासच्या दुकानाची लाल पाटी दिसत होती. वसाहतीच्या आसपास पिझ्झा विकणारा तेवढा एकच.  बुधवारी गाशेंचे गुडघे दुखत होते ना? तिला वाटलं, आपण फार वाईट विचार करतोय. त्सिगेबद्दल असला विचार करायला आपल्याला लाज नाही वाटत? तिनं उठून उरलेले तुकडे ताटलीत घातले, झाकले, खांद्यावरच्या शालीखाली घेतले आणि दुसऱ्या मजल्यावर उतरली. विचार खोटा निघावा म्हणून उतरली.

त्सिगेच्या घरी कॉफी चढलेली होती. कॉफीच्या रीतीनं जमिनीवर गवत पसरलेलं, धूप लावलेला. योनातान अजून आला नव्हता. वुदितूला बघून त्सिगेचा चेहरा उजळला आणि तिच्या हातातली ताटली बघून तसाच विझला.

"आवडला नाही?"

"आवडला की. एकटीला घशाखाली उतरेना. म्हटलं, आणणारीला भरवावं." वुदितूनं हात धुतले, समोर बसली, तुकडा मोडला आणि घास त्सिगेच्या तोंडाशी नेला. "उघड तोंड."

"अगं, मी पोटभर..."

"माझ्या हातचा गुर्शा नाकारतेस?"

हातानं भरवलेला घास तिथं कुणी नाकारत नाही. नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकणं. त्सिगेनं तोंड उघडलं. वुदितूनं घास आत घातला, आणि बोटं काढायच्या आधीच विचारलं, "वाढदिवस कुणाचा होता म्हणालीस?"

"सांगितलं ना." तोंड भरलेलं. "बहिणीच्या नातवाचा."

"पाच वर्षांचा?"

"हो."

"पाच वर्षांच्या पोराला उपास लावलात? तोही गुरुवारी? संत बनवताय का त्याला?"

त्सिगेचं चावणं थांबलं.

"दुकानात चीज संपलं होतं म्हणे..."

"पिझ्झ्याच्या दुकानात चीज संपलं! चर्चमध्ये देव संपला होता का?" वुदितूनं दुसरा घास मोडला. "हा घे दुसरा. मरियमची शप्पथ घे आणि हा गिळ. शप्पथ घेऊन सांग की हा पिझ्झा आजचा आहे, आणि मी तुझे पाय धरते."

त्सिगेनं तोंड उघडलं नाही. पहिलाच घास गालात तसाच होता. डोळ्यांत पाणी आलं. ते बघून वुदितूला उत्तर मिळालं, आणि मिळालं म्हणून तिला त्सिगेच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"बुधवारी सभा झाली."

मान हलली. हो.

"गाशेंचे गुडघे?"

"दुखत होते," त्सिगे रडत रडत म्हणाली. "खरंच दुखत होते. म्हणून एर्मियासच्याच दुकानात बसलो. तिथं खुर्च्या मऊ आहेत."

"मऊ खुर्च्या! आणि खालचं घर?"

"भाड्यानं द्यायचं ठरलंय. भट्टी टाकणार तो तिथं, बाहेर टेबलं. भाड्यातनं टाकीवर पंप बसवायचा. वरच्या मजल्यांना पाणी येईल, वुदितू. तुलाही येईल."

"मला पाणी येईल आणि मी त्यात पीठ कालवून कुठं भाजू? तुझ्या डोक्यावर? तू कुठं भाजणार आहेस?"

त्सिगेनं जमिनीवरचं गवत उगाच सारखं केलं. मग हळूच म्हणाली, "योनातानला भट्टीवर घेणार आहे तो."

वुदितूनं हातातला घास ताटलीत ठेवला. योनातानला तिनं पाठुंगळीला बांधून फिरवलं होतं. त्याला काम मिळावं म्हणून कितीदा चर्चच्या दारात कपाळ टेकलं होतं.

"मग मला येऊन सांगायचंस," ती म्हणाली. "मी काय त्याची वैरीण आहे? मी स्वतः एर्मियासच्या दुकानात गेले असते, म्हटलं असतं, याला घे. त्यासाठी घर कशाला द्यायचं?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच तर सभा असते, बाई! नाही म्हणणाऱ्याला बोलवायची असते ती! हो म्हणणारे काय, रस्त्यावरही हो म्हणतात." तिचा आवाज जिन्यात घुमला. खालचं कुणाचं तरी दार उघडलं आणि मिटलं. "आणि मग ही ताटली कशाला आणलीस? लपवायचं होतं तर लपवून टाकायचं. माझ्या दारात कशाला?"

त्सिगेनं शेवटी घास गिळला. "सगळे खात होते. गाशे हसत होते. मला तुझी आठवण आली. तू बुधवार कडक पाळतेस, दुपार टळल्याशिवाय पाणी पीत नाहीस, आणि आम्ही तुझ्या पाठीमागं... मला जाईना. तुझ्या वाटणीचे वेगळे काढून घेतले."

काय म्हणायचं यावर? पाठीत सुरी घालतानासुद्धा हिनं आपली आठवण ठेवली. वुदितूला वाटलं, विसरली असती तर बरं झालं असतं.

"रविवारी हे मंजूर करून घ्यायला सर्वांची सभा लावलीय," त्सिगे तिचा हात धरून म्हणाली. "तिथं मी उठून सगळ्यांसमोर सांगते. बुधवारी तुला वगळून ठरवलं, ते चुकलं, पुन्हा सभा घ्या, असं सांगते. मरियमची शप्पथ."

आता शप्पथ घेतली. मघाशी नव्हती घेतली. वुदितूनं विश्वास ठेवला. तुम्ही म्हणाल, मूर्ख आहे. असेल. पंचवीस वर्षांच्या मैत्रीला माणूस एका संध्याकाळीत मूठमाती देत नाही.

शुक्रवार-शनिवार वुदितू वसाहतभर फिरली. दारोदार. "खालचं घर भाड्यानं द्यायला काढलंय. गाशे आणि तो पिझ्झेवाला मिळून. रविवारी या." प्रत्येक दारात हेच बोलली, आणि प्रत्येक दारात त्सिगेचं नाव गिळलं. पहिल्या मजल्यावरच्या एकीनं विचारलंसुद्धा, "खजिनदार काय करत होती मग?" वुदितू म्हणाली, "तिला कोण विचारतंय." खोटं बोलायची सवय नसलेली बाई. बोलताना जीभ जड झाली.

रविवारी चर्च सुटल्यावर मैदानात खुर्च्या मांडल्या. पांढऱ्या नेतेला, म्हणजे पातळ सुती शाली, पांघरून बाया आल्या, बाप्ये कडेनं उभे राहिले. आणि एर्मियासची माणसं खोक्यांचा ढीग घेऊन आली. रविवार होता, चीज होतं, उघडल्या उघडल्या लांब तारा निघाल्या. पोरं धावली. पोरांच्या मागून आया.

गाशे मेकुरियांनी तोंडातली काडी काढली. "पाणी," ते म्हणाले, आणि थांबले. माना डोलल्या. "चौथ्या मजल्यावर बादल्या कोण चढवतं?" थांबले. माना डोलल्या. "ही मंडळी भाडं देणार. पंप बसणार. आपल्या पोरांना काम मिळणार." माना डोलतच राहिल्या.

वुदितू उठली. हातात काही नव्हतं, तोंड होतं. "पाणी कुणाला नको? मला तिसऱ्या मजल्यावर नको का? पंप वर्गणीतनं बसवा, मी पहिली देते. पण घर दिलं की परत येत नाही. तुमची आई मेली तर तिच्या तंबूतलं जेवण कुठं शिजवणार? एर्मियासच्या भट्टीत? मर्तिकाला पिझ्झा वाटणार? आणि आम्ही बाया तिथं भाजतो, आमची पोटं तिथं आहेत, आम्हाला न विचारता हे बुधवारी ठरलं! समितीत मी आहे. मला सांगितलं सभा नाही. विचारा गाशेंना."

कुजबुज झाली. हातातले तुकडे हातात राहिले. गाशेंची हॅट जरा खाली आली. त्या क्षणी डाव पलटू शकत होता, हे तिथं असलेला कुणीही सांगेल. वुदितूनं त्सिगेकडं बघितलं. त्सिगे उठली.

"मला बोलायचंय," त्सिगे म्हणाली. तिनं नेतेलाचं टोक खांद्यावर नीट ओढलं. वुदितूकडं बघितलं नाही. "वुदितूला सगळं माहीत होतं. बुधवारचा पिझ्झा तिच्या घरी गेलाय. मी स्वतः दिला. तिनं गरम करून खाल्ला. तेव्हा गोड लागला, आता कडू लागतोय. खोटं असेल तर तिनं सांगावं."

माना वुदितूकडं वळल्या.

"खाल्लास का, वुदितू?" गाशेंनी विचारलं. अगदी मऊ आवाजात. आधीच ठरवल्यासारखं.

'नाही' म्हटलं असतं तर काय झालं असतं? बंद दाराआड खाल्लेला एक तुकडा. कोण बघायला होतं? त्सिगेचा शब्द आणि हिचा शब्द, आणि वसाहतीत वजन हिच्या शब्दाला होतं. एक शब्द पुरला असता.

"खाल्ला," वुदितू म्हणाली. "एक तुकडा. पण तो गुरुवारी..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. आधी कुणीतरी हसलं, मग सगळे. "मग आम्हालाही खाऊ दे की, एतीये!" मागून एक तरुण ओरडला. "बुधवार-गुरुवार नंतर सांग, हे गार होतंय!" वुदितू सांगत होती: वाढदिवस, चीज, शिळी कड. पण हसणाऱ्या गर्दीला शिळी कड कशी समजावणार? जी गोष्ट तिला दोन बोटांत कळली होती, ती शंभर माणसांना सांगताना पोरकट वाटायला लागली. गाशे म्हणाले, हात वर करा. हात वर झाले. एका हातात तुकडा आणि दुसरा वर. ज्या बाया तिच्या शेजारच्या ओट्यावर भाजायच्या, त्यातल्याही निम्म्यांचे. त्यांच्या पोरांची तोंडं भरलेली होती, आणि चौथ्या मजल्यावरच्या बादल्या खोट्या नव्हत्या.

जिन्यात वुदितूनं त्सिगेला गाठलं. मारलं नाही. नुसतं विचारलं, "मी दोन दिवस दारोदार फिरले. तुझं नाव एकदाही नाही घेतलं. मग का?"

"म्हणूनच," त्सिगे भिंतीला टेकून म्हणाली. "आज नाही घेतलंस. पण उद्या घेतलं असतंस ना? तुझ्या रागाला मी पंचवीस वर्षं ओळखते. रोज तुझ्या तोंडाकडं बघत जगायचं, आज घेतेय की उद्या? मला नाही जमलं."

वुदितू बाजूला झाली. त्सिगे खाली मान घालून वर जायच्या ऐवजी खाली गेली. कुठं जायचं तेही तिला सुचलं नसावं.

खालच्या घरात आता भट्टी आहे. ओटे फोडले. मोरी बुजवून फरशी घातली. पंप बसला, हे खरं आहे, आणि पाणी येतं, हेही खरं आहे. वुदितूचा मिताद तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्याच्या चौकात आहे. तो लागला की दिवे पिवळे पडतात आणि शेजारी दार आपटतात. दोन हॉटेलांनी इंजेरा बंद केला, कारण वेळेवर पोचत नाही. समितीतनं तिनं राजीनामा दिला नाही. सभेला जाते, मान डोलवत नाही, 'नाही' म्हणून येते. योनातान भट्टीवर आहे. सकाळी कामाला जायच्या आधी एक मजला वर चढून तिच्या मितादापाशी थांबतो, मान खाली घालून "सलाम, एतीये" म्हणतो. ती म्हणते, "सलाम, बाळा. जेवलास?" त्याचा काय गुन्हा?

पावसाळ्यानंतर पहिल्या ठोकळ्यातले एक म्हातारे गेले. तंबू ठोकला. जेवण उघड्यावर, गाड्या लावतात तिथं, लाकडांवर शिजलं. धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. एर्मियासनं मान राखून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं. कांदे सोलायला बाया वर्तुळात बसल्या, त्यात वुदितू होती आणि समोर त्सिगेही होती. दोघी एकाच घमेल्यात सालं टाकत होत्या. एक शब्द नाही. रडायला आलेल्या बायांना वाटलं, या दोघी म्हाताऱ्यासाठी रडतायत.

तुमच्याही इमारतीत सगळ्यांची म्हणून बांधलेली एक खोली असेल. आज संध्याकाळी चप्पल घाला, खाली उतरा, आणि तिला कुणाचं कुलूप लागलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.